मुलगी संगणक शिकायला जर्मनीला निघते तेव्हा...

हल्ली हळदीकुंकवाला चार जणी जमल्या की एक विषय हमखास निघतो. पूर्वी विचारायचे, "मुलीचं कुठं जमतंय का?" आता विचारतात, "तुमची बी. ई. झाल्यावर कुठं जाणार?" कुणाचा मुलगा टेक्सासला असतो, कुणाची सून डब्लिनला. आणि जर्मनीचं नाव निघालं की कुणीतरी म्हणतंच, "तिथं म्हणे शिक्षण अगदी फुकट असतं!" ऐकणारीच्या घरी शेवटच्या वर्षाला असलेली मुलगी असली, की त्या रात्री जेवणं झाल्यावर तो विषय घरात निघालाच म्हणून समजा.

आपण बायका कोथिंबिरीची जुडी घेतानाही दोन गाडे फिरतो. पण इथं बारा-पंधरा लाखांचा प्रश्न असतो, आणि नेमक्या त्याच वेळी "मला बाई कॉम्प्युटरमधलं काय कळतंय!" म्हणून आपण स्वयंपाकघरात जातो. निर्णय होतो मुलीचा, तिच्या वडिलांचा आणि कुठल्यातरी एजंटाचा. मैत्रिणींनो, कॉम्प्युटर कळायची गरज नाही. चार गोष्टी विचारता आल्या तरी पुष्कळ झालं. त्या कुठल्या, तेच या लेखात सांगायचं आहे.

जर्मनीच का?

जर्मनी मराठी घरांना अगदीच परकी नाही. 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे १९२८ साली, लग्न झाल्यानंतर, बर्लिनला शिकायला गेल्या आणि १९३० साली मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट मिळवून आल्या. त्या काळी बोटीचा प्रवास, आणि पत्राचं उत्तर यायला कित्येक आठवडे. आपल्या लेकी विमानानं जातात आणि उतरल्या उतरल्या फोन करतात, तरी आपला जीव खालीवर होतोच!

संगणकाशी तर या देशाचं जुनं नातं आहे. कोनराड त्सूझे नावाच्या इंजिनिअरनं १९४१ साली बर्लिनमध्ये 'झेड-३' हे गणकयंत्र चालवून दाखवलं. आधी दिलेल्या आज्ञांप्रमाणे ते आपलं आपण हिशेब करायचं. युद्धातल्या बाँबहल्ल्यात ते नष्ट झालं. त्याची प्रतिकृती म्युनिकच्या 'डॉइचेस म्युझियम' या संग्रहालयात ठेवलेली आहे. संगणकशास्त्राला तिथं 'इन्फॉर्माटिक' म्हणतात. आखेन, कार्ल्सरूह, डार्मश्टाट, म्युनिक, झारब्रुकेन ही या विषयातली नावाजलेली ठिकाणं. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या एकोणपन्नास हजारांवर गेली होती. परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत मोठा गट आपलाच होता.

'फुकट' म्हणजे किती?

बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवण्याची फी नसते, हे खरं. दर सहामाहीला एक वर्गणी तेवढी भरावी लागते. ती साधारण शंभर ते चारशे युरो असते, आणि पुष्कळ ठिकाणी त्यातच बस-रेल्वेचा पास येतो.

पण याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग या भागात, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो फी लागू झाली. म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानं २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशीच फी सुरू केली. एम. एस्सी.ला ती सहामाहीस ४,००० ते ६,००० युरो ठरवली आहे. तेव्हा "जर्मनी म्हणजे फुकट" असं एका दमात म्हणू नये. त्या विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाचं काय, ते पाहावं.

खरा खर्च राहण्या-जेवणाचा. तो मुलीला झेपेल याची खात्री तिथलं सरकार व्हिसा देण्याआधीच करून घेतं. त्यासाठी एक खास खातं उघडून वर्षभराचे पैसे आधीच भरावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरवण्यात आली. युरो शंभर रुपयांचा धरला तरी झाले जवळजवळ अकरा लाख नव्वद हजार. हे पैसे कुठं जात नाहीत, मुलीचेच असतात. मात्र तिला ते एकदम काढता येत नाहीत, महिन्याला ९९२ युरो मिळतात. रक्कम अधूनमधून वाढते, म्हणून अर्ज करायच्या वेळी दूतावासाच्या माहितीत पुन्हा पाहून घ्यावी.

आता हे ९९२ युरो कसे पुरतात ते पाहा. वसतिगृहातली खोली साडेतीनशेच्या आसपास (म्युनिकसारख्या शहरात आणि खासगी घरात याहून बरीच जास्त). आरोग्य विमा सक्तीचा, तो दीडशेच्या घरात. घरी रांधून खाल्लं तर जेवण दोनशे-अडीचशे. उरलेल्यात फोन, कपडे, किरकोळ खर्च. काटकसरीनं भागतं, पण बाहेरचं खाणं आणि दर सुट्टीला फिरणं यात बसत नाही. शिवाय खोली घेताना अनामत भरावी लागते, ती तीन महिन्यांच्या भाड्याइतकीही असू शकते. विमानाचं तिकीट, परीक्षांची फी, थंडीचे कपडे हे वेगळंच.

"तिथं गेल्यावर नोकरी करून फेडेन," असं मुलं म्हणतात. थोडं जमतं. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची मुभा झाली. विद्यापीठातच प्राध्यापकांच्या हाताखाली मदतनीसाचं काम मिळालं तर उत्तम. पण असं काम पहिल्या महिन्यापासून मिळेलच असं नाही. म्हणून पहिल्या वर्षाचा सगळा खर्च आपल्या गाठीला आहे, असं धरूनच निघावं.

प्रवेश आधी तपासा, मग पेढे वाटा

नुसत्या बारावीवर तिथं सहसा थेट प्रवेश मिळत नाही. म्हणून आपल्याकडची बहुतेक मुलं इथली पदवी घेऊन एम. एस्सी.ला जातात. तीन वर्षांची बी. एस्सी. किंवा बी. सी. ए. झालेल्यांना काही विद्यापीठं घेतात, काही घेत नाहीत. तिथं फक्त टक्के पाहत नाहीत, पदवीत कोणकोणते विषय झालेत तेही पाहतात. गणित किती, अल्गोरिदम किती, ऑपरेटिंग सिस्टिम होती का, याचा हिशेब होतो.

गुणांचा हिशेब आपल्या उलट असतो. १.० म्हणजे सर्वांत उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास आणि ५.० म्हणजे नापास. आपल्या दहापैकी आठ आलेल्या मुलीचे, पास व्हायला चार लागत असतील तर, तिथं २.० होतात, आणि सात आलेल्या मुलीचे २.५. कित्येक विद्यापीठं अडीचच्या पलीकडचा अर्ज बाजूला ठेवतात. तेव्हा "सातच्या खाली आहे, पण एजंट म्हणतो काम होईल," असं ऐकलंत की सावध व्हा.

नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एक आणखी पायरी आली. 'ए. पी. एस.' या दिल्लीच्या कार्यालयाकडून आपली प्रमाणपत्रं तपासून घ्यावी लागतात, त्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढं सरकत नाही. याला वेळ लागतो. ऑक्टोबरच्या सत्राचे अर्ज पुष्कळ ठिकाणी १५ जुलैपर्यंत घेतात, काही ठिकाणी त्याच्या कितीतरी आधी मुदत संपते. म्हणून शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच कागद गोळा करायला लागावं.

एजंटांबद्दल एक सांगते. सगळे वाईट नसतात. पण सरकारी विद्यापीठात मुलगी गेली तर पुष्कळांना काही मिळत नाही, आणि खासगी कॉलेजात गेली तर कमिशन मिळतं. त्यामुळं वर्षाला दहा-बारा हजार युरो फी असलेल्या खासगी कॉलेजची रंगीत पुस्तिका पुढं येते. नाव जर्मन, शहर जर्मन, आपल्याला कसं कळणार? सरळ विचारावं: "हे सरकारी आहे का खासगी? आणि तुम्हाला यातून काय मिळतं?" 'डी. ए. ए. डी.' ही जर्मन शिष्यवृत्ती देणारी संस्था इंग्रजीतून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांची यादी फुकट देते. मुलीला म्हणावं, त्यातून निवड आणि मला फीचा रकाना दाखव.

तिथला अभ्यास, आणि एक नापास झालेली मुलगी

आपल्याला वाटतं, कॉम्प्युटर म्हणजे दिवसभर यंत्रापुढं बसून टकटक करायचं. तिथं कागद-पेन्सिलच जास्त लागते. एखादी रीत बरोबरच आहे हे सिद्ध करा, ती किती वेळात उत्तर देईल ते काढा, असं. एम. एस्सी. म्हणजे १२० क्रेडिट. सहामाहीला तीस धरले तर चार सहामाह्या, आणि एका क्रेडिटमागं पंचवीस ते तीस तासांचा अभ्यास गृहीत धरलेला असतो. म्हणजे सहामाहीत साडेसातशे ते नऊशे तास! हजेरीसाठी सहसा कुणी मागं लागत नाही, गाइडं नाहीत, 'महत्त्वाचे प्रश्न' कुणी सांगत नाही. दर आठवड्याला उदाहरणांचा कागद मिळतो, तो सोडवून द्यायचा. दुसऱ्याचं उतरवून काढलं तर तो गुन्हा. आणि शेवटी एकच परीक्षा, बहुतेक गुण तिच्यावरच. काही परीक्षा तोंडी असतात, अर्धा तास प्राध्यापकांसमोर बसून. एका विषयाला बसायच्या संधीही मोजक्या, पुष्कळ ठिकाणी तीन. आवश्यक विषयात तिसऱ्यांदा नापास झालं तर तो अभ्यासक्रमच सोडावा लागतो.

माझ्या थोरल्या जावेची मुलगी २०२२ साली गेली. शाळेपासून हुशार, बी. ई.ला पहिल्या दहांत. पहिल्या सहामाहीच्या परीक्षा फेब्रुवारीत झाल्या आणि एका विषयात तिला ५.० मिळाले. जन्मात कधी नापास न झालेली मुलगी! तिनं घरी सांगितलंच नाही. फोन रोज यायचा. "जेवलीस का?" "हो." "अभ्यास कसा चाललाय?" "मजेत." हळूहळू ती व्हिडिओ बंद ठेवून बोलायला लागली. "नेट नीट नाही," म्हणायची. जाऊबाईंना शंका आली ती तेव्हा. नेट नीट नसतं तर आवाज कसा स्वच्छ येतो?

एका रविवारी त्यांनी सरळ विचारलं, "बाळा, काही बिनसलंय का? पैशांचं असेल तर सांग, अभ्यासाचं असेल तरी सांग." पलीकडून रडणं ऐकू आलं. "आई, तुम्ही एवढे पैसे घातलेत... मी कुठल्या तोंडानं सांगू?" जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, "नापासच झालीस ना? मग पुन्हा बस. पेढे पुढच्या परीक्षेनंतर वाटू."

त्यानंतर ती प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेला गेली. तिथं आठवड्यातून एकदा ठरावीक वेळी विद्यार्थ्यांना भेटायची पद्धत असते. आपली मुलं "सर रागावतील" म्हणून जात नाहीत. त्यांनी तिची उत्तरपत्रिका समोर ठेवून चुका दाखवल्या. वर्गातल्या तिघींबरोबर बसून तिनं अभ्यास केला आणि दुसऱ्या खेपेला ३.० मिळवून सुटली. पदवीला चारऐवजी पाच सहामाह्या लागल्या. तिथं त्यात कुणाला वावगं वाटत नाही, पण एका जादा सहामाहीचा खर्च येतो. घरचा हिशेब करताना तोही धरावा.

जायच्या आधीच मुलीला सांगून ठेवावं, "एखाद्या विषयात गेलीस तरी पहिला फोन घरी करायचा." एवढ्या एका वाक्यानं तिचे दोन-तीन महिने वाचतात.

कुकर, कढीपत्ता आणि तूप

आता आपल्या हातातल्या गोष्टी. बॅग भरताना आईचा जीव तुपात असतो, पण तूप नेता येत नाही! युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून सामानात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर सगळं त्यात आलं. २०१९ च्या डिसेंबरपासून ताजी फळं, भाज्या आणि पानांवरही निर्बंध आहेत, म्हणून ताजा कढीपत्ता नको. नारळ, केळी, अननस, खजूर यांना मात्र सूट आहे. गोडा मसाला, मेतकूट, पापड, भाजाणी, लोणचं नीट बंद करून द्यावं. लोणी तिथं चांगलं मिळतं, तूप घरी कढवता येतं. जायच्या आधी ते मुलीला शिकवा. मुलगा जाणार असेल तर त्यालाही शिकवा.

शेगड्या विजेच्या असतात. कुकर सपाट बुडाचा द्यावा, इंडक्शनवर चालणारा असला तर बरं. रविवारी दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवायची सवय लावावी लागते. रात्री दहानंतर आवाज केलेला शेजाऱ्यांना खपत नाही. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीमागं २५ सेंट अनामत असते, बाटली परत दिली की ती मिळते. नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा.

एक गोष्ट स्पष्टच सांगते, कारण आया मनात ठेवतात आणि विचारत नाहीत. तिथल्या वसतिगृहात मुलं-मुली एकाच मजल्यावर राहतात, स्वयंपाकघर सामाईक असतं. खोलीला स्वतंत्र कुलूप असतं. यावर घरात आधीच मोकळेपणानं बोलावं. तिथं गेल्यावर फोनवरून उपदेश करण्यात अर्थ नसतो.

थंडी आणि फोनची वेळ

डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्या उन्हातल्या मुलींना हा अंधार फार लागतो. झोप जास्त, जेवण कमी, कशात मन नाही, अशी लक्षणं दिसली तर "आळशीपणा करू नकोस" म्हणू नये. विद्यार्थ्यांसाठी असलेल्या संस्थांत समुपदेशक असतात, त्यांच्याकडं जायला लाजू नकोस, असं सांगावं. पुष्कळ शहरांत मराठी माणसं आहेत, गणपती बसतात, दिवाळीचा फराळ होतो. पहिल्याच महिन्यात तिथं ओळख करून घ्यावी. संकटात रुग्णवाहिकेसाठी ११२ हा क्रमांक तिच्या आणि आपल्याही डोक्यात असू द्यावा.

घड्याळाचं गणितही लक्षात ठेवा. आपण हिवाळ्यात साडेचार तास पुढं असतो, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडं घड्याळं बदलतात. आपण सकाळी सातला चहा घेताना फोन लावला तर हिवाळ्यात तिथं मध्यरात्रीनंतरचे अडीच वाजलेले असतात. आपल्या रात्री साडेनवाची वेळ बरी, तिथं तेव्हा संध्याकाळ असते.

पुढं नोकरी?

शिक्षण झाल्यावर नोकरी शोधायला अठरा महिने राहता येतं, ही मोठी सोय आहे. पण नोकरी हातात ठेवलेली नसते. २०२२ च्या अखेरीपासून जगभरच्या मोठ्या संगणक कंपन्यांनी माणसं कमी केली, त्याची झळ नव्यानं पदवी घेणाऱ्यांना बसली. शिवाय अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी बहुतेक कचेऱ्यांत जर्मन बोलतात. नुसत्या इंग्रजीवर नोकरी मिळवणं कठीण जातं. म्हणून निघण्याआधी 'ए-टू'पर्यंत आणि तिथं दोन वर्षांत 'बी-टू'पर्यंत जर्मन शिकावं. पुण्यात मॅक्स म्यूलर भवन आहे, लहान गावांतून घरबसल्याही वर्ग करता येतात. निवड झाल्यावर नव्हे, अर्ज करायच्या आधीच वर्ग लावावा. शिकतानाच कळतं की मुलीची खरी तयारी आहे की मैत्रिणी जातात म्हणून जायचंय.

आणि लग्नासाठी ठेवलेले पैसे?

शेवटी गाडी इथं येऊन अडते. मुलासाठी कर्ज काढताना जो प्रश्न कुणी विचारत नाही, तो मुलीच्या वेळी सगळे विचारतात. जाऊबाईंनी लग्नासाठी ठेवलेल्या ठेवीतली निम्मी मोडली, तेव्हा नात्यातल्या एकीनं विचारलंच, "मग उद्या लग्नाला काय करणार?" जाऊबाई म्हणाल्या, "चारशे पानं कमी वाढू."

मला ते पटलं. पण याचा अर्थ सगळं पणाला लावावं असा नाही. राहतं घर एकुलतं एक असेल तर ते गहाण टाकून मुलीला पाठवू नये. कर्जाचा हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होत असला तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढत असतं. "समजा वर्षभर नोकरी मिळाली नाही, तर हप्ता कोण भरणार?" या प्रश्नाला घरात उत्तर असेल तरच सही करावी. नसेल तर 'गेट' परीक्षा देऊन आपल्याच आय. आय. टी.त एम. टेक. करता येतं, त्यात काही कमीपणा नाही. दोन वर्षं इथं नोकरी करून, स्वतःचे थोडे पैसे साठवून मग जाणाऱ्या मुलीही पुष्कळ आहेत, आणि त्या तिथं जास्त सावधपणे राहतात असं मी पाहिलंय.

तेव्हा येत्या रविवारी दुपारी, जेवणानंतर, मुलीला आणि तिच्या वडिलांना बसवा. एक वही घ्या. एका पानावर विद्यापीठाचं नाव, सरकारी की खासगी, फी किती. दुसऱ्या पानावर पहिल्या वर्षाचा खर्च आणि तो कुठून येणार. तिसऱ्यावर कागदपत्रं आणि तारखा. चौथ्या पानावर, नोकरी लांबली तर काय करायचं ते. वही तुमच्या हातात ठेवा, आणि मुलीला सांगा, "मला समजेल अशा भाषेत सांग." तिला ते सांगता आलं, तर अर्धी तयारी झाली म्हणून समजा. उरलेली अर्धी म्हणजे तूप कढवणं आणि जर्मन शिकणं!